शस्त्र, अनुशस्त्र आणि वयःस्थापन : वार्धक्यावरील उपचारांच्या वर्गीकरणाचा विचार

१

वार्धक्याच्या खुणा पुसून टाकण्यासाठी, किंवा निदान त्या सौम्य करण्यासाठी, जे उपचार आज केले जातात त्यांचे दोन वर्ग पाडण्याची प्रथा रूढ झाली आहे : शस्त्रक्रियेचे उपचार आणि बिनशस्त्रक्रियेचे उपचार. पुण्यातील दवाखान्यांच्या पाट्यांवर, वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत आणि रुग्णाच्या संमतिपत्रातही हेच द्विभाजन दृष्टीस पडते. वरवर पाहता ते निर्दोष आहे. एका वर्गात सुरी आहे, दुसऱ्यात ती नाही. मग वर्गीकरणास आणखी काय हवे? तथापि ह्यांपैकी दुसरा वर्ग केवळ निषेधाने ओळखला जातो, आणि निषेधवाचक संज्ञा ऐकणारा व वापरणारा तिचा एकच अर्थ घेईल अशी खात्री देता येत नाही.

संस्कृत वैयाकरणांनी व मीमांसकांनी निषेधाचे दोन प्रकार मानले आहेत. ज्यात वस्तूचा केवळ अभाव सांगावयाचा असतो तो प्रसज्यप्रतिषेध. ज्यात त्या वस्तूहून भिन्न, परंतु तिच्याच जातीची दुसरी वस्तू सुचवावयाची असते तो पर्युदास. मराठीतील रोजची उदाहरणे घ्यावयाची तर ‘बिनपाण्याची विहीर’ म्हणजे पाणी नसलेली विहीर. पाण्याच्या जागी तेथे दुसरे काही आहे असे कोणी समजत नाही. उलट ‘बिनशेती जमीन’ म्हणजे जिच्यावर काहीच होत नाही अशी जमीन नव्हे. तेथे शेतीच्या जागी घर, दुकान किंवा कारखाना येतो, आणि त्याचे स्वतंत्र नियम व स्वतंत्र कर असतात. ‘बिनशस्त्रक्रियेचा उपचार’ ही संज्ञा वैद्य दुसऱ्या अर्थाने वापरतो : शस्त्राच्या जागी उष्णता, आम्ल, विष वा भरणद्रव्य. रुग्ण मात्र ती बहुधा पहिल्या अर्थाने ऐकतो : शस्त्र नाही, म्हणजे इजा नाही, धोका नाही. ह्या दोन अर्थांमधील अंतरावरच उपचारांच्या तुलनेचे सारे यश अवलंबून आहे.

२

प्रथम ज्यावर उपचार करावयाचे त्या अवस्थेचीच नावे पाहणे इष्ट होईल. संस्कृतात तिच्यासाठी दोन भिन्न कल्पना आहेत. ‘वृद्ध’ हा शब्द वाढणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला. वृद्ध म्हणजे वाढलेला. ‘जरा’ हा शब्द झिजणे, जीर्ण होणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला. ‘जीर्ण’ हा त्याचाच सोयरा. मराठीतील ‘म्हातारा’ ह्या शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार संस्कृत ‘महत्तर’ ह्यात पाहतात. महत्तर म्हणजे अधिक थोर, गावातील वडीलधारा वा प्रमुख. म्हणजे आज किंचित उणेपणाने उच्चारला जाणारा हा शब्द मूळचा मानाचा आहे. ज्याला आज ‘वार्धक्यरोधक’ उपचार म्हणतात तो शब्दशः वाढ रोखण्याचा उपचार ठरतो. प्रत्यक्षात तो जीर्णतेच्या काही दृश्य खुणांपुरता मर्यादित असतो. आयुष्याची वर्षे त्याने वाढत नाहीत व अंतर्गत अवयवांचे वयही कमी होत नाही. ह्या अर्थाने ‘जराचिन्हांवरील उपचार’ हे नाव अधिक प्रामाणिक होय.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूक, तहान, निद्रा, जरा व मृत्यू ह्यांना स्वभावबलप्रवृत्त म्हणजे देहस्वभावातूनच उद्भवणाऱ्या व्याधी म्हटले आहे, आणि त्यांचे पुन्हा दोन भेद केले आहेत : कालज व अकालज. शरीराची नीट निगा राखूनही योग्य वेळी येते ती कालज जरा. निगा न राखल्याने वेळेआधी येते ती अकालज. चरकाने स्वाभाविक जरेला प्रतिकार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आधुनिक त्वचाविज्ञानातही ह्याला समांतर असा भेद आहे. एक वार्धक्य आंतरिक, म्हणजे वयानुसार होणारे. दुसरे बाह्य कारणांनी, मुख्यतः सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी व धूम्रपानाने लवकर येणारे. ‘आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे अनुभवाचा दाखला देताना मराठी माणूस म्हणतो. केसांपुरते ते खरे असेल. परंतु चेहऱ्याच्या कातडीवरील कितीतरी सुरकुत्या व डाग खरोखरच उन्हाने झालेले असतात.

चेहऱ्याचे वय एकाच थरात वाढत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. बाह्यत्वचेचा रंग असमान होतो व तिचा पोत खरबरीत होतो. तिच्याखालील अंतस्त्वचेतील कोलॅजेन व लवचिक तंतू कमी होतात, आणि बारीक सुरकुत्या पडतात. कपाळाच्या व भुवयांमधील स्नायूंच्या वारंवार आकुंचनाने ठरावीक आठ्या उमटतात. गालांतील मेदाच्या गाद्या आक्रसतात व खाली सरकतात, त्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात. सर्वांत खाली, जबडा व नेत्रकोटर ह्यांचे हाडही वयानुसार झिजते. अशा रीतीने ‘सुरकुती’ ह्या एकाच शब्दाखाली किमान चार भिन्न घटना मोडतात. कोणताही एक उपचार ह्या सर्वांना पुरत नाही.

३

शस्त्रक्रियेच्या बाजूचा इतिहास पुण्याशी निगडित आहे. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ ह्या मासिकात ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. म्हैसूरच्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका मराठी माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. विटा पाडण्याचे काम कुंभारांकडे असे, त्यावरून तो कारागीर कुंभार असावा असे मानले जाते. त्याचे नाव पत्रात नाही. चित्रकार जेम्स वेल्स ह्याने मात्र कावसजीचे चित्र काढले, आणि त्यावरून केलेले उत्कीर्णन युरोपात पसरले.

टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले ह्या मुंबई इलाख्यातील दोन वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली कृती त्या पत्रात दिली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या अवशेषावर बसवून नाकाचा आकार घ्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा. त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी त्वचा सोडवावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ जागीच राखावयाचा. ही त्वचा पिळून खाली वळवावयाची व नाकाच्या जागी बसवावयाची. जखमेवर काताचा लेप, नंतर तुपात भिजविलेला कपडा, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठाचा छेद, असा क्रम होता. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात सांगितलेल्या विधीत पानाच्या मापाने गालाची त्वचा घेतली आहे. पुण्याजवळची रीत कपाळाची त्वचा घेते. देठ राखण्याचे तत्त्व मात्र दोन्हींत एकच आहे. रक्तपुरवठा तुटला नाही तर हलविलेली त्वचा जगते, हे ते तत्त्व होय. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू ह्याने १८१४ साली ह्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तिचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

ह्या शाखेस ‘प्लास्टिक’ हे विशेषण १८३८ च्या एडुआर्ड त्साइस ह्याच्या जर्मन ग्रंथाने पक्के केले. त्याचा मूळ ग्रीक धातू मातीला आकार देणे ह्या अर्थाचा आहे. युरोपीय पंडितांनी जी संज्ञा मातकामाच्या शब्दावरून घडविली, ती क्रिया पुण्याजवळ मातकाम करणाऱ्याच्याच हाताने होत होती, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. मराठीत रूढ झालेला ‘सुघटन शस्त्रक्रिया’ हा पर्याय ‘घट’, ‘घडविणे’ ह्या शब्दकुळाची आठवण जागी ठेवतो.

कावसजीवरील क्रिया गमावलेले परत देणारी होती. तिचा हेतू तारुण्य नव्हता. परंतु चेहरा वर उचलण्याची आजची शस्त्रक्रिया देठ राखून त्वचा सोडविण्याच्या ह्याच तत्त्वावर उभी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधील ऑयगेन होलेंडर प्रभृती शस्त्रवैद्य कानापुढील त्वचेचा तुकडा काढून उरलेली ताणून शिवीत. केवळ त्वचा ताणल्याने परिणाम लवकर ओसरे व चेहरा ओढलेला दिसे. १९७४ साली टोर्ड स्कूग ह्याने त्वचेखालील थरासह उचल करण्याची रीत मांडली आणि १९७६ साली मिट्झ व पेरॉनी ह्यांनी त्या स्नायू-आवरणथराचे शारीररचनेच्या दृष्टीने वर्णन केले. तेव्हापासून ताण त्वचेवर न देता ह्या खोल थरावर देण्यात येऊ लागला. पापण्यांवरील शस्त्रक्रियेत जादा त्वचा व मेद काढतात किंवा मेदाची फेरमांडणी करतात.

४

दुसऱ्या टोकास रसायन आहे. चरकाने औषधांच्या पन्नास गणांत ‘वयःस्थापन’ असा एक गण सांगितला असून त्यात गुळवेल, हिरडा, आवळा, पुनर्नवा आदी दहा द्रव्ये आहेत. ‘स्थापन’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. वय मागे नेण्याचे नव्हे, तर आहे तेथे स्थिर राखण्याचे वचन त्यात आहे. रसायनविधीचे दोन मार्ग आहेत. कुटीत राहून, वारा व ऊन वर्ज्य करून घ्यावयाचा तो कुटीप्रावेशिक. रोजचे व्यवहार चालू ठेवून घ्यावयाचा तो वातातपिक. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी तपसी बाबांच्या देखरेखीखाली कुटीत राहून कायाकल्प केला, तेव्हा हा शब्द देशभर सर्वतोमुखी झाला.

त्या शब्दाची पुढील वाटचाल उद्बोधक आहे. मराठीत ‘कायापालट’ हा शब्द आता देहाविषयी क्वचितच वापरतात. शहराचा, शाळेचा, संस्थेचा कायापालट होतो. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या रुग्णालयीन स्वच्छतेच्या पुरस्कारयोजनेचे नावच ‘कायाकल्प’ आहे. म्हणजे जो शब्द रुग्णाच्या देहासाठी होता तो रुग्णालयाच्या इमारतीस लागला. शब्दाचा अर्थ असा विस्तारला की त्याने दिलेले अभिवचन मोजता येत नाही. अशा अभिवचनांना कायद्यानेही मर्यादा घातली आहे. औषधविषयक १९४५ च्या नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत, जे बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा गोष्टींची यादी आहे. तीत अकाली वार्धक्य, केस अकाली पिकणे व तारुण्य परत देण्याची शक्ती ह्यांचा समावेश आहे.

५

शस्त्र आणि रसायन ह्यांच्या मध्ये सुश्रुताने एक तिसरा वर्ग कल्पिला आहे, आणि प्रस्तुत विवेचनात त्याचेच महत्त्व सर्वाधिक आहे. वीस शस्त्रे सांगून झाल्यावर तो ‘अनुशस्त्रे’ सांगतो. वेळूची सल, स्फटिक, काच, जळवा, क्षार, अग्नी, नख इत्यादी, जी शस्त्र नसून शस्त्राचे काम करतात ती अनुशस्त्रे. येथे निषेध नाही. ‘अनु’ हा उपसर्ग शस्त्राशी असलेले नाते उघड सांगतो. क्षाराचे तो मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे तीन प्रकार करतो; भाजण्याच्याही कमीअधिक तीव्रतेच्या चार पायऱ्या सांगतो. साधन कोणते ह्याइतकेच ते किती खोल जाते ह्याकडे त्याचे लक्ष आहे. प्राचीनांना आजची यंत्रे ठाऊक होती असा दावा येथे अभिप्रेत नाही. त्यांची विभागणी आजच्या वस्तुस्थितीस अधिक जुळते, एवढेच म्हणावयाचे आहे.

त्वचेवर आम्ल लावून वरचा थर सोलण्याच्या उपचाराचेही आज तीनच प्रकार करतात : उथळ, मध्यम व खोल. ग्लायकोलिक आम्लाने होणारे सोलणे उथळ असते. फेनॉलचे खोल असते, आणि त्याच्या शोषणाने हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो म्हणून ते हृदयावर नजर ठेवूनच करावे लागते. शस्त्र नसलेला हा उपचार जखम करतो, आणि त्या जखमेच्या भरून येण्यातूनच नवे कोलॅजेन निर्माण होते.

अग्नीच्या आधुनिक रूपाचा संबंध पुन्हा पुणे जिल्ह्याशी पोहोचतो. बारामती येथे १९३८ साली जन्मलेले व पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले कुमार पटेल ह्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध लावला. त्याचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण पाण्यात तत्काळ शोषला जातो. त्वचेत पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे त्या किरणाने तिचा अत्यंत पातळ थर वाफ होऊन उडतो व खालचा थर तापून आक्रसतो. प्रारंभी सर्व पृष्ठभाग एकसारखा सोलला जाई. २००४ साली मॅनस्टाइन व अँडरसन ह्यांच्या गटाने मांडलेल्या अंशविभाजित पद्धतीत सूक्ष्म ठिपक्यांपुरतीच उष्णता देतात, आणि मधली शाबूत त्वचा जखम लवकर भरून काढते. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत भाजल्यानंतर काळे डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते. म्हणून गोऱ्या त्वचेसाठी ठरविलेली मात्रा येथे जशीच्या तशी चालत नाही.

सुईने दिले जाणारे दोन उपचार ह्याच मधल्या वर्गात ठेवावे लागतील. पहिला बॉट्युलिनम विषाचा. लॅटिन ‘बोटुलुस’ म्हणजे मांस भरलेली आतडी. तसले नासलेले पदार्थ खाऊन होणाऱ्या विषबाधेचे वर्णन जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर ह्याने १८१७ ते १८२२ ह्या काळात केले. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूला जाणारा रासायनिक संदेश अडविते. अत्यल्प मात्रेत ते तिरळेपणावर व पापण्यांच्या आचक्यांवर उपयोगी पडते असे दिसून आल्यावर १९८९ साली अमेरिकेत त्यास अनुमती मिळाली. १९९२ साली कॅरुदर्स दांपत्याने भुवयांमधील आठ्यांवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि त्या उपयोगास २००२ साली मान्यता मिळाली. युक्तीने वापरल्यास तीव्र विषही उत्तम औषध होते, हा चरकाचा सिद्धांत येथे सार्थ ठरतो. परिणाम तीन ते चार महिने टिकतो.

दुसरा उपचार भरणद्रव्याचा. १९३४ साली मायर व पामर ह्यांनी गाईच्या डोळ्यातील काचद्रवातून हायल्युरोनिक आम्ल वेगळे केले. ‘हायलॉस’ म्हणजे काच. हे द्रव्य मनुष्याच्या त्वचेतही असते. त्याचा घट्ट केलेला गर टोचून गालांची व ओठांभोवतीची पोकळी भरतात. तो सुमारे सहा ते अठरा महिन्यांत विरतो, आणि विशिष्ट विकर टोचून त्याआधीही विरघळविता येतो. परंतु सुई चुकून धमनीत गेली तर तो गर रक्तप्रवाह अडवितो. त्वचेचा भाग मरू शकतो, आणि क्वचित प्रसंगी कायमचे अंधत्वही येते. बिनशस्त्रक्रिया म्हणजे बिनधोक, ह्या समजुतीचे ह्याहून कठोर खंडन नाही.

६

आता तुलना अधिक नेमकी करता येईल. लोंबलेली त्वचा, जबड्याखालची सैल घडी, पापण्यांवरील जादा कातडी ह्यांवर शस्त्रक्रियेइतका परिणाम दुसरा कोणताही उपचार करीत नाही. तो परिणाम सामान्यतः सात ते दहा वर्षे टिकतो. मात्र त्यासाठी भूल, काही आठवड्यांची विश्रांती व कायमचा व्रण स्वीकारावा लागतो. त्वचेखाली रक्त साचणे हा तिचा सर्वाधिक आढळणारा उपद्रव होय. चेहऱ्याच्या मज्जातंतूस इजा होणे विरळा, पण गंभीर. धूम्रपान करणाऱ्याच्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी असल्याने उचललेला भाग मरण्याचा संभव वाढतो. पुण्याजवळच्या कारागिराने जो देठ जपला, त्याचेच हे दुसरे अंग आहे.

उलट, त्वचेचा पोत, डाग व बारीक सुरकुत्या ह्यांवर शस्त्रक्रिया जवळजवळ निरुपयोगी आहे. ताणलेली कातडी नवी होत नाही. तेथे आम्ल, लेसर किंवा रेटिनॉइक आम्लाचा दीर्घकाळचा लेप ह्यांचेच काम आहे. हालचालीने पडणाऱ्या आठ्यांवर विष, पोकळीवर भरणद्रव्य. अर्थात हे उपचार एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून भिन्न थरांवरचे आहेत. खर्चाच्या तुलनेतही हाच विवेक हवा. एका वेळचा कमी खर्च दर चार महिन्यांनी पुन्हा करावा लागला, तर काही वर्षांत तो शस्त्रक्रियेच्या खर्चाची बरोबरी करू शकतो.

म्हणून संमतिपत्राच्या भाषेत ‘शस्त्रक्रिया’ व ‘बिनशस्त्रक्रिया’ ह्या जोडीऐवजी प्रत्येक उपचाराविषयी चार गोष्टी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक ठरते : तो कोणत्या थरापर्यंत जातो, त्याचा परिणाम किती काळ राहतो, तो मागे घेता येतो काय, आणि त्याचा सर्वांत वाईट उपद्रव कोणता. ह्या कसोटीवर भरणद्रव्य अल्पकालीन व बहुतांशी परत घेता येण्याजोगे, परंतु क्वचित अंधत्वाचे भय असलेले ठरते. खोल सोलणे मात्र बिनशस्त्र असूनही परत न घेता येणारे ठरते. समीरा कोहली प्रकरणातील २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके ह्यांची पुरेशी माहिती दिल्यावाचून मिळविलेली संमती खरी संमती नव्हे, अशी भूमिका घेतली आहे. ज्या रुग्णाशी मराठीत बोलावयाचे, त्याला ही माहिती मराठीतच व अचूक शब्दांत मिळाली पाहिजे. परिभाषा घडविणाऱ्यांवरील जबाबदारी येथे थेट रुग्णाच्या देहाशी जाऊन भिडते. ‘अनुशस्त्र’ ही जुनी संज्ञा पुन्हा रूढ होईल वा न होईल. तिच्यामागील भेद मात्र मराठी संमतिपत्रात उतरावयास हवा.

राहता राहिली अकालज जरा. तिच्यावरील सर्वांत स्वस्त उपाय ह्या तिन्ही वर्गांच्या आधी येतो. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सूर्यकिरणरोधक लेप रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांच्या तुलनेत २४ टक्के कमी आढळले. त्याला शस्त्र लागत नाही, अनुशस्त्रही नाही. ज्याला बिनशस्त्र हे विशेषण प्रसज्यप्रतिषेधाच्या पूर्ण अर्थाने लागू पडते, असा उपाय बहुधा एवढाच. आणि त्याचा आरंभ वार्धक्य दिसू लागण्यापूर्वी, विशी-तिशीतच करावयाचा असतो.